हिरवळीचें खत : कोंकणांत आणि बार्शीस

बार्शीस भगवंताच्या देवळांत नारळ वाढविला जातो; पण नारळाचें माहेर कोंकण. तेथील रेताड व जांभ्या जमिनींतील अन्नांश मुसळधार पावसाबरोबर वाहून जातात. म्हणून माडाच्या आळ्यांत पालापाचोळा व शेण घालण्याची वहिवाट जुनी आहे. मृगांत ताग पेरून तो फुलोऱ्यावर येतांच मातींत गाडणें, हेंही त्याच जातीचें खत होय.

अशा पिकानें जमीन सकस कां होते, याचा उलगडा १८८६ ते १८८८ या काळांत जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं केला. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र त्या वनस्पतींस मिळवून देतात, हें त्यांनीं प्रयोगांनीं दाखविलें.

हें शास्त्र बार्शीच्या काळ्या जमिनीसही लागू आहे. अडचण आहे ती पाण्याची. येथें पाऊस बेताचा, आणि त्याचा भर सप्टेंबरांत. खरिपांत वाढलेला ताग जमिनींतील ओल पितो, गाडल्यावर कुजण्यासही ओल लागते. आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी यावयाची असते. १९३३ सालीं सोलापुरास सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनानें ओल राखण्यास अग्रस्थान दिलें, तें याच कारणानें.

तेव्हां विहिरीच्या आधारानें माड लावणाऱ्या बार्शीकरानें आळ्यांत ताग खुशाल पेरावा. कोरडवाहू शेतास मात्र बांधावरील गिरिपुष्पाचा पाला कापून घालणें बरें. त्यानें शेताची ओलही मोडत नाहीं आणि हंगामही बुडत नाहीं. कोंकणची रीत घाटावर आणतांना पाण्याचा हिशेब आधीं मांडावा लागतो.