देवाशी भांडणारी माणसं

आपल्या वसमतच्या हिंगोली जिल्ह्यातच नरसी नामदेव आहे. नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी हक्कानं भांडायचे. बायबलमधल्या 150 स्तोत्रांतही असंच भांडण आहे. 22वं स्तोत्र 'देवानं मला टाकलं' या तक्रारीनं सुरू होतं आणि शेवटी विश्वासावर येतं. 88वं मात्र अंधारातच संपतं. तरी ते कुणी वगळलं नाही.

चोखोबांनीही मंदिराबाहेर उभं राहूनच गाऱ्हाणं मांडलं. पंढरपूरचं दार दलितांसाठी उघडलं थेट 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे वर्षांनी! दार माणसांनी अडवलं होतं, ते माणसांनाच उघडावं लागलं.

मग गाऱ्हाणं म्हणजे अविश्वास का? मला नाही वाटत. ऐकणारा कुणी नाही असं ठाम वाटलं, तर माणूस भांडत नाही, गप्प बसतो.