पाच शिलेदार परदेशी, तरीही गड शाबूत : मुंबईचा १९७०-७१ चा रणजी हंगाम

इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल संघाने २००३-०४ च्या लीगमध्ये ३८ सामने खेळून एकही गमावला नाही. २६ विजय, १२ बरोबरी. तेवढ्या एका हंगामाच्या बळावर तो संघ आजही ‘अजिंक्य’ म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ हंगाम दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिला नव्हता. हा आकडा क्रिकेटच्या प्रश्नमंजुषेत हमखास विचारला जातो. त्या पंधरांपैकी तेराव्या हंगामात करंडक राखणारा संघ कोणता होता आणि त्याच्या कर्णधाराचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी फारसे विचारत नाही.

पंधरा ही संख्या किती मोठी, ते आधी पाहू. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने शेफील्ड शील्ड सलग ९ वेळा जिंकली (१९५३-५४ ते १९६१-६२). इंग्लंडमध्ये सरे परगण्याने सलग ७ वर्षे (१९५२ ते १९५८) अजिंक्यपद राखले. क्रिकेटच्या इतिहासात हे दोन्ही विक्रम दंतकथेसारखे सांगितले जातात. मुंबईची कामगिरी जवळजवळ या दोहोंच्या बेरजेएवढी आहे.

या मालिकेचा आरंभही दणदणीत झाला. १९५८-५९ च्या हंगामात रमाकांत देसाई या लहान चणीच्या वेगवान गोलंदाजाने ५० बळी घेतले आणि अंतिम सामन्यात मुंबईने बंगालला ४२० धावांनी हरवले. आदल्या वर्षी करंडक बडोद्याकडे होता. तो परत आला आणि पुढे दीड दशक मुंबईतच राहिला.

यामागची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. ‘खडूस’ हा शब्द मुंबईच्या क्रिकेटला कायमचा चिकटला आहे. सहजासहजी बाद न होणारा, प्रतिस्पर्ध्याला काहीही फुकट न देणारा, जिंकत असतानाही न हसणारा खेळाडू, असे त्याचे चित्र रंगवले जाते. ते खोटे नाही, पण थोडे भाबडे आहे. खडूसपणा रक्तातून येत नाही, सामन्यांच्या संख्येतून येतो. शाळेत हॅरिस आणि गाइल्स शील्ड, महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यापुढे विद्यापीठाच्या संघातून रोहिंटन बारिया करंडक, नोकरी लागली की कार्यालयीन संघांची टाइम्स शील्ड. त्यात १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग. चिखलाच्या खेळपट्टीवर चेंडू कधी घोट्यापाशी राहील आणि कधी हनुवटीपाशी उसळेल, याचा नेम नसे. तिथे ३० धावा करणाऱ्याला कोरड्या खेळपट्टीवर शतक ठोकणे अवघड वाटत नसे. लोकलच्या गर्दीत किट सांभाळत उपनगरांतून आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क गाठणाऱ्या मुलांना एक गोष्ट लवकर उमगे : आपण आज अपयशी ठरलो, तर आपली जागा घ्यायला दहा जण तयार आहेत. हे ‘दहा जण’ लक्षात ठेवावेत; पुढे त्यांचेच काम आहे.

दुसरी गोष्ट नियमांची. रणजीत बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. मुंबईने या नियमाचा कस पुरेपूर वापरला. आधी धावांचा डोंगर रचायचा, मग प्रतिस्पर्ध्याला त्याखाली दाबून ठेवायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही अंतिम सामने मुंबईने याच मार्गाने खिशात घातले. प्रेक्षकांना ते कंटाळवाणे वाटत असेल. करंडकाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

या सगळ्यात सर्वाधिक पोळला तो राजस्थान. सलीम दुराणी, हनुमंत सिंग आणि मूळचे मुंबईचेच विजय मांजरेकर यांसारखे खेळाडू असूनही या पंधरा वर्षांत राजस्थानने मुंबईविरुद्ध ७ अंतिम सामने गमावले. दुसरे दुःख पश्चिम विभागातल्या शेजाऱ्यांचे होते. १९५७-५८ पासून स्पर्धेत आधी विभागवार साखळी सामने होत आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाई. महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र यांच्या विभागातच मुंबई होती. म्हणजे त्यांचा हंगाम बहुधा दाराशीच संपे.

येथे तरुण वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. १९६० साली मुंबई महाराष्ट्र राज्याची राजधानी झाली, पण क्रिकेटच्या नकाशात ‘मुंबई’ आणि ‘महाराष्ट्र’ हे वेगळे संघ होते आणि आजही आहेत. महाराष्ट्राच्या संघाचे केंद्र पुणे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला होता. त्यानंतर तीस वर्षे अंतिम सामन्याचे दर्शनही नव्हते.

१९७०-७१ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या.

पहिली नियमातली. प्रत्येक विभागातून आता एकाऐवजी दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. शेजाऱ्यांना मुंबईच्या मागे दुसरे येऊनही करंडकाकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

दुसरी निवड समितीच्या बैठकीतली. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना मते समसमान झाली आणि समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी अजित वाडेकर यांची निवड झाली. वाडेकरांसोबत मुंबईचे आणखी चार जण गेले : दिलीप सरदेसाई, अशोक मांकड, एकनाथ सोलकर आणि विद्यापीठ क्रिकेटमधून पुढे आलेला २१ वर्षांचा सुनील गावसकर. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. किंग्स्टनला सरदेसाईंचे २१२, पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर भारताचा पहिलाच कसोटी विजय, चार कसोट्यांत गावसकरांच्या ७७४ धावा. भारतीय क्रिकेटला नवा आत्मविश्वास दिला तो या दौऱ्याने.

पण रणजीचा हंगाम काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. मुंबईची जवळजवळ संपूर्ण मधली फळी, एक सलामीचा फलंदाज, जवळच्या जागी उभा राहून अशक्य झेल टिपणारा क्षेत्ररक्षक आणि खुद्द कर्णधार समुद्रापार होते. बारा वर्षे राखलेला करंडक कुणाच्या भरवशावर सोडायचा?

नेतृत्व आले सुधीर नाईक यांच्याकडे. वय २५-२६, उजव्या हाताचे फलंदाज, सेंद्रिय रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधर. १९६६-६७ पासून ते प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये होते, पण मुंबईच्या संघात जागा मिळणे हेच एक दिव्य असल्याने त्यांचे नाव अजून घरोघरी पोहोचलेले नव्हते. त्यांच्या हाताखाली होते ते आधी उल्लेखिलेले ‘दहा जण’ : मैदानांवर वर्षानुवर्षे धावा आणि बळी जमवून वाट पाहत थांबलेले खेळाडू. या संघाच्या शिरावर वेगळेच ओझे होते. जिंकले असते, तर ‘मुंबई नेहमीप्रमाणे जिंकली’ एवढेच म्हटले गेले असते. हरले असते, तर बारा वर्षांची परंपरा ज्यांच्या हातून तुटली ते लोक म्हणून त्यांची नावे कायमची कोरली गेली असती.

मुंबई अंतिम फेरीत पोहोचली. समोर कोण, तर महाराष्ट्र. आदल्या वर्षीच्या नियमांनुसार एकाच विभागातील या दोन संघांची गाठ अंतिम सामन्यात पडणे शक्यच नव्हते. महाराष्ट्राकडे चंदू बोर्डे यांच्यासारखा मुरलेला कसोटीपटू होता आणि वेस्ट इंडीजला गेलेल्या संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. म्हणजे एका बाजूला पाच मोहरे गमावलेली मुंबई आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण ताकदीचा महाराष्ट्र. तीस वर्षांत अशी संधी आली नव्हती. सामना मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर.

मुंबईने तो ४८ धावांनी जिंकला.

हा आकडा आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. १९५८-५९ चा विजय ४२० धावांचा होता. १९६१-६२ मध्ये राजस्थानला एक डाव आणि २८७ धावांनी धूळ चारली होती. त्या मानाने ४८ म्हणजे एका बऱ्या भागीदारीचे अंतर. शिवाय हा विजय पहिल्या डावातील आघाडीच्या कुबडीवर मिळालेला नव्हता. चारही डावांचा हिशेब पुरा करून मिळालेला होता. पंधरा विजेतेपदांत याहून देखणी अनेक असतील. पण संघाची खोली मोजायची असेल, तर सरदेसाई, वाडेकर, गावसकर खेळत असतानाच्या विजयांपेक्षा ते नसतानाचा हा निसटता विजय अधिक बोलका आहे.

महाराष्ट्राला त्यानंतर रणजीचा अंतिम सामना खेळण्यासाठी १९९२-९३ पर्यंत थांबावे लागले. तोही त्यांनी गमावला आणि २०१३-१४ चाही. देवधरांच्या त्या दोन करंडकांत अजून भर पडलेली नाही.

आणि सुधीर नाईक? वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज जिंकून आला, मग ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडलाही हरवून आला. मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले. १९७१-७२ चा रणजी हंगाम सुरू झाला, तेव्हा सगळे कसोटीपटू संघात परतले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या कर्णधाराला अकरा जणांत जागा उरली नाही. यात कुणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. ज्या निर्दय स्पर्धेने नाईकांना घडवले, तिनेच त्यांना बाहेर बसवले. तरीही, करंडक राखून देणाऱ्या कर्णधाराला पुढच्या मोसमात राखीव खेळाडू व्हावे लागते, हे वाचताना आजही घशाशी काहीतरी अडकते.

मालिका आणखी दोन वर्षे चालली. १९७२-७३ चा चेपॉकवरील अंतिम सामना तर विलक्षणच होता. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर खेळ खलास. पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. एवढे करूनही शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी खेळता आली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींनी व्यापलेली होती. वाट पाहणाऱ्यांच्या पंक्तीत त्यांचे पान सर्वांत वरचे.

मार्च १९७४ मध्ये बंगळुरूच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने ही मालिका तोडली. गुंडाप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांनी शतके झळकावली, प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला, जम बसलेले वाडेकर धावताना पाय घसरून धावबाद झाले. सामना अनिर्णित राहिला. मुंबई बाहेर पडली ती पहिल्या डावातील पिछाडीमुळे. ज्या नियमाने मुंबईला इतकी वर्षे तारले, त्यानेच तिचा घात केला. पुढे अंतिम सामन्यात कर्नाटकाने कुणाला हरवले, तर पुन्हा राजस्थानलाच.

त्याच १९७३-७४ च्या हंगामात नाईकांनी मात्र बडोद्याविरुद्ध नाबाद २०० धावा करून आपली जागा परत मिळवली. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांची निवड झाली आणि एजबॅस्टनच्या आपल्या पहिल्याच कसोटीत, भारताचा डावाने पराभव होत असताना, दुसऱ्या डावात त्यांनी ७७ धावा काढल्या. लीड्सला भारताच्या पहिल्यावहिल्या एकदिवसीय सामन्यात गावसकरांसोबत सलामीला तेच उतरले. कसोट्या मात्र तीनच वाट्याला आल्या.

निवृत्तीनंतर ते मैदानावरच राहिले. श्रीरामपूरहून मुंबईत आलेल्या झहीर खान नावाच्या डावखुऱ्या तरुणाला त्यांनी नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडवले. वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा खेळपट्टी नाईकांनी तयार केलेली होती आणि तिच्यावर नवा चेंडू घेऊन धावत येत होता झहीर. त्याची पहिली तीनही षटके निर्धाव गेली.