न चढलेला गड

गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा माळा आवरायला काढला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पत्र्याच्या ट्रंकेत नाथमाधवांच्या कादंबऱ्या निघाल्या. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार'. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि १९९१ चा पावसाळा आठवला.

त्या वर्षी अण्णा मोरीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी अकरावीत होतो. संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यांनी हीच पुस्तकं मागितली. मला तेव्हा नुकतीच इतिहासाची शिंगं फुटली होती. एक दिवस मी म्हटलं, "अण्णा, यातलं अर्धं खोटं आहे. असली माणसं इतिहासात नव्हतीच." ते म्हणाले, "असेल बाबा. पुढे वाच." मी पुढे वाचलं, पण मधली वर्णनं गाळत. रात्रीच्या काळोखात मावळे गड चढतायत असा काहीतरी प्रसंग होता. मी तीन पानं उडवून थेट तटावर पोचलो. अण्णा डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "अरे, अर्धा गड राहिला की!" पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर कित्येक वर्षांनी नाथमाधव कोण होते ते कळलं. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा, मुंबईचा. शिक्षण शाळेपुरतंच, मग कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी. नाद शिकारीचा. ऐन तरुणपणी शिकारीसाठी सिंहगडाच्या बाजूला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि कमरेपासून खालचं शरीर लुळं पडलं. नोकरी गेली, शिकार गेली. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता लिहायला. 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी १९०८ ची. मग 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल', तीन भागांतली 'डॉक्टर', आणि १९२० नंतर ही स्वराज्याची मालिका. १९२८ साली ते गेले तेव्हा वय होतं अवघं ४६.

सिंहगड म्हणजे तोच कोंढाणा. १६७० साली तानाजी मालुसरे रात्री ज्याचा कडा चढून गेले तो. घोरपडीची गोष्ट इतिहासकार मानत नाहीत, पण कडा खरा आहे आणि चढाईही खरी. त्याच गडाने या माणसाचे पाय घेतले. आणि त्यानंतर हा माणूस काय लिहीत बसला, तर मावळे, घोडदौडी, चोरवाटा आणि गड! मला हे कळलं त्या दिवशी ती गाळलेली तीन पानं आठवून पोटात खड्डा पडला.

खऱ्याखोट्याचा प्रश्न मात्र उरतोच, तो मी सोडलेला नाही. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची वाट नीट बांधली ती हरिभाऊ आपट्यांनी. त्यांचा 'उषःकाल' १८९५ ते ९७ मधला. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला १८९८ साली. म्हणजे अस्सल कागद लोकांपुढे येण्याआधीच कादंबरीतला शिवाजी घराघरांत पोचला होता. नाथमाधवांच्या वेळी बरीच कागदपत्रं छापून झाली होती, पण त्यांचा ओढा प्रसंग रंगवण्याकडे. त्यामुळे कल्पित पात्रं, गुप्त भुयारं, वेषांतरं भरपूर. आमच्या घरातल्या मोठ्यांना 'इतिहास' म्हणून जे माहीत होतं त्यातलं बरंचसं इथलंच आहे, आणि ते आजही वाद घालताना पुराव्यासारखं पुढे येतं. हे काही चांगलं नाही.

पण एक गोष्ट अकरावीतल्या मला दिसली नव्हती. १९२० साली नागपूरच्या काँग्रेसने स्वराज्य हे ध्येय ठरवलं, टिळक त्याच वर्षी गेले, १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष निघाला. त्या दिवसांत पुस्तकाच्या पाठीवर 'स्वराज्य' असं ठळक छापलेलं असणं, याला वेगळाच अर्थ होता. अण्णांची पिढी ही पुस्तकं वाचत वाढली. त्यांना सतराव्या शतकाचा दाखला नको होता, पुढच्या वर्षाचा भरवसा हवा होता. आणि १९९१ मध्ये अंथरुणावरच्या अण्णांना बहुतेक त्याहूनही साधं काही हवं असावं.

अण्णा त्याच दिवाळीनंतर गेले. पुन्हा उठून चालले नाहीत.

परवा रात्री तो प्रसंग शोधून काढला. या वेळी एकही ओळ न गाळता, मोठ्याने वाचला. बायको आतून विचारायला आली, कुणाशी बोलतोयस म्हणून.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. ट्रंकेत 'स्वराज्यावरील संकट' सापडलं नाही. वाटणीच्या वेळी कुणाकडे गेलं असेल तर कळवा. परत मागत नाही, वाचून लगेच देईन.