काळी आणि पांढरी : नागरी संस्कृतीचा उगम आणि दख्खनचा पुरावा

प्राचीन संस्कृती म्हटले की मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधूचे खोरे आणि चीन ही चार नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी येतात. बीदर-कलबुर्गी सीमेवरील एखाद्या गावातील विद्यार्थ्याला हा सारा इतिहास दूरदेशीचा वाटतो. आपल्या मातीचा त्याच्याशी संबंध नाही, अशी त्याची समजूत होते. ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नागरी संस्कृतीची लक्षणे

पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली नागरी संस्कृतीची दहा लक्षणे मांडली. मोठी लोकवस्ती, शेती न करणारे कारागीर व व्यापारी, कररूपाने गोळा होणारे जादा धान्य, भव्य वास्तू, राज्यकर्ता वर्ग, लेखनकला आणि दूरदेशीचा व्यापार ही त्यांतील प्रमुख होत. या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शेतकऱ्याने आपल्या गरजेपेक्षा अधिक पिकवले पाहिजे. मेसोपोटेमियातील उरुक येथे इ.स.पू. ३३००च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर लेखन सुरू झाले. तेथील आरंभीच्या बहुतेक पाट्यांवर धान्याचे व जनावरांचे हिशेब आढळतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

चाइल्डच्या सुमारे पावणेसहाशे वर्षे आधी, १३७७ साली इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात हाच धागा पकडला होता. एकटा माणूस स्वतःचे अन्नही पुरेसे मिळवू शकत नाही. अनेकांनी मिळून काम केले की गरजेहून कितीतरी अधिक निर्माण होते. ग्रामीण जीवन आधीचे, नगर नंतरचे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शेती आली, नगर आले नाही

दख्खनचा पुरावा या विचाराला दुजोरा देतो आणि त्यात भरही घालतो. पूर्वीच्या गुलबर्गा व आताच्या यादगीर जिल्ह्यातील बुदिहाळ येथे जनावरांचे शेण साठवून जाळल्यामुळे बनलेला राखेचा ढिगारा आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी तेथे उत्खनन केले. ही नवाश्मयुगीन गुराखी वस्ती चार हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे.

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. त्याचा अहवाल ढवळीकर, सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी यांनी सिद्ध केला. तेथे शेतीला पाणी देणारा कालवा, धान्याचे कोठार आणि त्याशेजारी प्रमुखाचे असावे असे पाच खोल्यांचे घर सापडले. म्हणजे जादा धान्य होते, ते राखणारा प्रमुखही होता. तरीही लेखन नव्हते, भव्य वास्तू नव्हत्या. इ.स.पू. १०००च्या पुढे चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली आणि पुढे गाव उजाड झाले. ढवळीकरांनी याचे कारण अवर्षणात शोधले. यावरून असे दिसते की, केवळ शेतीने नगर उभे राहत नाही. साठा, संघटन आणि दळणवळण यांची जोड लागते.

भीमा-मांजरा खोऱ्यातील नगरे

ही जोड लोखंडाचा प्रसार, मौर्यांची राज्यव्यवस्था आणि सातवाहनकालीन व्यापार यांतून मिळाली. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नती येथे १९८६ साली एका मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या पीठाखालील शिळेवर अशोकाचे लेख आढळले. इतरांच्या पंथाचा आदर करावा असे सांगणारा बारावा शिलालेख त्यांत आहे. जवळच कनगनहळ्ळी येथे १९९४पासून झालेल्या उत्खननात महास्तूपाचे अवशेष मिळाले. एका शिल्पावर ब्राह्मी लिपीत अशोक राजाचे नाव कोरलेले आहे. लेखन, भव्य वास्तू आणि राज्यसत्ता ही तिन्ही लक्षणे येथे एकत्र दिसतात.

उस्मानाबाद, आता धाराशिव, जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचे कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरची तेरणा नदी मांजरेला मिळते आणि मांजरा बीदर जिल्ह्यातून वाहते. तेव्हा हा इतिहास दूरदेशीचा राहत नाही.

निष्कर्ष

आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. राख, शेण, कोसळलेल्या भिंती यांनी शतकानुशतके पांढरीचा थर चढत जातो. काळीने पोसले म्हणून पांढरी उभी राहिली; नागरी संस्कृतीची सारी मीमांसा या दोन शब्दांत सामावलेली आहे. त्या उभारणीत गुराखी, शेतकरी, विणकर, पाथरवट आणि व्यापारी या सर्वांचा वाटा आहे. ती कोणा एका जातीची, भाषेची वा धर्माची मिरास नाही.

आज अनेक ठिकाणी जुन्या पांढरीची माती घरासाठी, शेतासाठी उकरून नेली जाते. तीत खापरे, मणी, नाणी असतात आणि एकदा थर विस्कटला की त्यांचा काळ सांगता येत नाही. शाळांनी आपल्या गावच्या टेकाडाची जागा, मोजमाप आणि वर सापडणारी खापरे यांची साधी नोंदवही ठेवावी, खोदकाम मात्र करू नये. एवढे झाले तरी पुढच्या संशोधकाला वाचायला काही शिल्लक राहील.