ओल्या गिलाव्यावरचा चित्रकार : ब्रदर मोस्केनी

कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमधील भित्तिचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ती रंगविणाऱ्या हाताचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्या चर्चच्या संगमरवरी पाट्यांवर बिशप व देणगीदार यांना जागा मिळते, चित्रकाराला क्वचितच!

अंतोनियो मोस्केनी यांचा जन्म १८५४ साली इटलीत, बेर्गामोजवळच्या स्तेझ्झानो गावी झाला. बेर्गामोच्या कार्रारा अकादमीत शिक्षण घेऊन त्यांनी लोंबार्डी प्रांतातील चर्चेस रंगविली व नाव मिळविले. पुढे १८८९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. तोही याजक होण्यासाठी नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून.

मंगळूरचे मिशन १८७८ पासून इटालियन येशूसंघीयांकडे होते. तेथील सेंट अलॉयशियस कॉलेजचे चॅपेल रंगविण्यासाठी ब्रदर मोस्केनी १८९९ मध्ये आले. भिंतींसाठी त्यांनी फ्रेस्कोची रीत वापरली. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर भरायचा; चुना हवेने घट्ट होताना रंग त्यात बांधला जातो. म्हणून एका दिवसात पुरा होईल तेवढाच गिलावा लावायचा. हात चुकला तर तो खरवडून पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भिंती पाझरतात, तेथे हे धाडसच म्हणावे लागेल. पुढे ओलीने चित्रांची हानी झालीच, आणि १९९० च्या दशकात तज्ज्ञांकडून त्यांचे जतनकार्य करावे लागले. जुन्या भिंतीवर डिस्टेंपरचा हात फिरवून मोकळे होणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी याची नोंद घ्यावी.

छतावरची चित्रे कॅनव्हासवर तैलरंगांत आहेत. मधोमध संत अलॉयशियस गोन्झागा यांचे जीवन रंगविले आहे. हा संतही लोंबार्डीचाच. सरदारकीचा वारसा सोडून तो येशूसंघात आला आणि रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करीत १५९१ मध्ये, २३ व्या वर्षी निवर्तला. नावलौकिक मागे ठेवून आलेल्या चित्रकाराला हा विषय परका वाटला नसावा, असे आम्हांस वाटते.

मंगळूरचे काम १९०१ मध्ये संपले. त्यानंतर कोचीनचे सांताक्रूझ कॅथीड्रल त्यांनी सजविले. तेथील शेवटच्या भोजनाचे चित्र लिओनार्दोच्या चित्रावर बेतलेले आहे. त्या कॅथीड्रलचे पवित्रीकरण १९ नोव्हेंबर १९०५ रोजी झाले. ब्रदर मोस्केनी चारच दिवस आधी, १५ तारखेला, वयाच्या ५१ व्या वर्षी देवाघरी गेले होते.