लष्करी वृत्तपत्र आणि सैनिकांच्या सूचना : ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’चा अनुभव

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकी सैन्यासाठी ८ फेब्रुवारी १९१८ रोजी ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ हे साप्ताहिक पॅरिसमधून निघू लागले. संपादनाची सूत्रे गाय व्हिस्कनिस्की या अधिकाऱ्याकडे होती. मात्र संपादक-मंडळातील हॅरल्ड रॉस हे साधे शिपाई होते. १९२५ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाची स्थापना त्यांनीच केली.

या पत्राने आघाडीवरील सैनिकांना केवळ वाचक मानले नाही. त्यांच्या कवितांसाठी स्वतंत्र सदर ठेवले. युद्धात अनाथ झालेल्या फ्रेंच मुलांसाठी प्रत्येकी ५०० फ्रँक देण्याचे आवाहन करताच अनेक तुकड्यांनी त्यास प्रतिसाद दिला. सूचना वा मजकूर स्वीकारताना तो सैनिकांना आपला वाटेल काय, हा एक निकष होता. परंतु अंतिम कसोटी सेन्सॉरची होती. तुकडीचे स्थान वा हालचाल उघड करणारा मजकूर कितीही सरस असला तरी छापला जात नसे.

दुसऱ्या महायुद्धात या मर्यादेचे वेगळे रूप दिसले. बिल मॉल्डिन या सार्जंटने थकलेल्या, दाढी वाढलेल्या सैनिकांची व्यंगचित्रे काढली. जनरल पॅटन यांना ती शिस्तभंग करणारी वाटली. मार्च १९४५ मध्ये त्यांनी मॉल्डिनला समोर बोलावून खडसावले. तरीही व्यंगचित्रे प्रसिद्ध होत राहिली, कारण आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाने त्यास आडकाठी केली नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लष्करी वृत्तपत्रात सैनिकाच्या सूचनेला स्थान मिळाले, पण ते हक्काने नव्हे. वरिष्ठांच्या सहिष्णुतेने मिळाले. म्हणूनच ते जितके मोलाचे, तितकेच अस्थिरही होते.