वैरण, विळा आणि ट्रॅक्टर : आळेफाटा परिसरातील गवत कापणी यंत्राच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे–नाशिक व कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे दोन महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, तेथे आळेफाटा वसला आहे. जवळच्या आळे गावात, संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा मानते, त्या रेड्याची समाधी आहे. जनावराला असे स्थान देणाऱ्या या परिसरात आज दूध हे रोजच्या ताज्या पैशाचे साधन बनले आहे. ट्रॅक्टरही बहुतेक वस्त्यांवर पोहोचला आहे. असे असूनही गोठ्यातील वैरण अद्याप मोठ्या प्रमाणावर विळ्यानेच कापली जाते. ट्रॅक्टरला गवत कापणी यंत्र जोडावे काय, आणि जोडल्यास कोणते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र येथील वैरणीच्या इतिहासात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

वैरणीची पूर्वपीठिका

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग भातशेतीचा, तर पूर्व भाग प्रामुख्याने बाजरी–ज्वारीचा. पश्चिमेस पेंढा, पूर्वेस सरमाड व कडबा ही जनावरांची वर्षभराची शिदोरी होती. रब्बी ज्वारी बुंध्यापासून कापण्याऐवजी मुळासकट उपटण्याची रीत दख्खनमध्ये रूढ झाली, कारण ताटाचा प्रत्येक वीतभर तुकडा म्हणजे वैरण होती. जमिनीपासून उंच कापून मागे खुंट सोडणारे यंत्र या व्यवस्थेत तोट्याचेच ठरले असते.

दुसरे कारण जमिनीच्या तुकड्यांचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, ते १९१४–१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले होते. जुन्नरचा इतिहास यापेक्षा तपशिलात वेगळा असेल, परंतु वाटण्यांमुळे शेताची रुंदी कमी व बांधांची लांबी अधिक होण्याची प्रक्रिया येथेही घडली. बांधावरचे गवत आणि अरुंद पट्ट्यातील पीक कापण्यास विळ्याइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते.

यंत्र प्रथम गोठ्यात आले

अमेरिकेत ओबेड हसी यांना १८३३ मध्ये, तर सायरस मॅकॉर्मिक यांना १८३४ मध्ये कापणी यंत्राचे एकस्व मिळाले. विस्तीर्ण शेते आणि मजुरांची टंचाई ही त्यामागील परिस्थिती होती. पुढे १९१८ च्या सुमारास ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती फिरत्या दांड्याने जोडयंत्रास देण्याची सोय व्यापारी स्वरूपात आली. हीच आजची पीटीओ. १९३९ मध्ये फोर्ड–फर्ग्युसन ट्रॅक्टरने त्रिबिंदू जोडणी सर्वदूर नेली. आज आपल्याकडील ट्रॅक्टरमागे जे यंत्र लागते, त्याची ही दुहेरी पूर्वपीठिका आहे.

महाराष्ट्रातील क्रम वेगळा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे ज्या शेती अवजारांच्या निर्मितीस आरंभ केला, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र अगदी पहिल्या उत्पादनांपैकी होते. लोखंडी नांगर त्यानंतरचा. १९१० मध्ये हा उद्योग औंध संस्थानात किर्लोस्करवाडीस स्थिरावला. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा संशय शेतकऱ्यांनी घेतला होता. कडबा कापण्याच्या यंत्राला अशा संशयाचे कारण नव्हते, कारण ते शेतात न जाता गोठ्यापाशी उभे राहत होते. त्याने पिकाची पद्धत बदलली नाही, उलट वैरणीची नासाडी कमी केली. हाताच्या चाकाची जागा पुढे विजेच्या मोटारीने घेतली आणि कडबाकुट्टी घरोघर रुळली. अशा रीतीने वैरण बारीक करण्याचे काम यंत्राकडे गेले, ती शेतातून कापून आणण्याचे काम माणसाकडे, बहुधा घरातील स्त्रीकडे, राहिले.

कालवा, संकरित गाय आणि स्त्रीचे श्रम

स्वातंत्र्योत्तर काळात कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांनी परिसराचे पीकमान बदलले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित गायींच्या प्रसारास मोठी चालना दिली. अशा दुभत्या गाईस रोज सुमारे २० ते २५ किलो हिरवी वैरण लागते. कोरडा कडबा वर्षातून एकदा रचून ठेवता येत असे. लसूणघास आणि संकरित नेपिअर मात्र रोज कापावे लागते. म्हणजेच पाणी व दूध यांच्या आगमनाने कापणीचे काम हंगामी न राहता नित्याचे झाले.

या नित्य श्रमाची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. त्याला जोखीमही आहे. बागायतीबरोबर ऊस वाढला आणि उसात बिबट्या स्थिरावला. २००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबट्याचे माणसांवरील हल्ले चिंतेचा विषय झाले. वाकून किंवा बसून गवत कापणारी व्यक्ती अशा वेळी अधिक असुरक्षित असते. म्हणून कापणी यंत्राच्या प्रश्नाकडे केवळ मजुरीच्या बचतीच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरते.

यंत्राची निवड

दहा गायींच्या गोठ्याचा विचार करू. रोजची हिरवी वैरण २०० ते २५० किलो. लसूणघासाच्या एका कापणीत गुंठ्यास सुमारे १०० किलो उत्पन्न धरल्यास रोज दोन ते अडीच गुंठे कापावे लागतात. १.३५ मीटर रुंदीचे यंत्र ताशी ६ किलोमीटर वेगाने चालल्यास अडीच गुंठे कापण्यास प्रत्यक्ष दोन मिनिटेच लागतील. वळणे आणि जोडणी यांचा वेळ त्याहून अधिक होईल. एकट्या गोठ्यासाठी रोजच्या कापणीकरिता असे यंत्र घेणे का परवडत नाही, हे या साध्या गणितावरून स्पष्ट होते.

यंत्रांचे प्रकार पाहता, मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांच्या पट्टीचे यंत्र (कटर बार) कमी शक्तीत स्वच्छ कापते. लसूणघासासारख्या बारीक देठाच्या पिकास ते योग्य आहे. मात्र लोळलेल्या दाट पिकात ते तुंबते आणि पात्यांना वारंवार धार लावावी लागते. फिरत्या पिंपांचे यंत्र (ड्रम मोअर) आडवे पडलेले पीकही कापते, परंतु त्याचे वजन साधारण ३०० किलोंहून अधिक असते व त्यास शक्तीही बरीच जास्त लागते. द्राक्षबागेसाठी घेतलेला २०–२५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर त्यास पुरत नाही. वजनाने त्याचे पुढचे चाक हलके पडण्याचा धोकाही असतो. वेगाने फिरणारी पाती दगड दूरवर भिरकावतात, म्हणून मुरमाड शेतात संरक्षक पडदा आणि माणसांपासून अंतर या गोष्टी अनिवार्य ठरतात. बागेतील तण कापण्याचे रोटरी स्लॅशर स्वस्त व परिचित असले तरी ते गवताचा चुरा करून जमिनीवर विखुरते, त्यामुळे वैरणीसाठी ते निरुपयोगी आहे. नेपिअरच्या जाड ताटांसाठी व मुरघासाच्या मक्यासाठी कापून तेथेच कुट्टी करणारे ट्रॅक्टरचलित यंत्र अधिक उपयोगी पडते.

वाळलेल्या गवताबाबत आणखी एक मर्यादा आहे. येथे पावसाळ्यात गवत वाळत नाही, आणि लसूणघास अधिक वाळल्यास त्याची पौष्टिक पाने गळून पडतात. यामुळे एकाच वेळी मोठे क्षेत्र कापून साठविण्याची गरज येथे मुरघासाने भागविली जाऊ लागली आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, विळा टिकला तो शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे. शेताचा आकार, रोजच्या थोड्या कापणीची गरज आणि स्त्रीच्या श्रमाला नसलेली किंमत या तीन गोष्टींनी तो टिकविला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी यंत्र निवडताना मोजता येतात. तिसरी मोजली जात नाही, म्हणून निर्णय चुकतो. दूध संस्था वा शेतकरी गटाने सामायिक यंत्र घ्यावे, बांधालगतच्या पट्ट्याऐवजी सलग क्षेत्रात वैरण लावावी आणि ट्रॅक्टरची अश्वशक्ती विचारण्यापूर्वी पिकाचा देठ व शेताची रुंदी पाहावी, हा या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ आहे. गवत कापून मजुरी मिळविणाऱ्या भूमिहीन स्त्रियांचे काम त्यातून कमी होईल, हेही नजरेआड करता येणार नाही. यंत्र कोणते घ्यावे याची चर्चा आजवर पुरुषांनी बाजारात केली. ज्या स्त्रिया रोज विळा हाती घेतात, त्यांचे मत त्या चर्चेत आल्यास निवड अधिक योग्य होईल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.